उतावळ्या कुत्र्याचे अवधान

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण माणसांना उद्देशून वापरतो. पण तिच्यातला मूळ अन्याय कुत्र्यावरच झालेला आहे. शेपूट वाकडे असणे हा काही शेपटाचा दोष नव्हे. ते तसेच असावयाचे. दोष असलाच तर ते सरळ होईल या आशेने नळी धरून बसणाऱ्याचा. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द सांगणार आहोत, तो या म्हणीच्या पोटातलाच आहे. घरातला एखादा तरुण, अंगात वारे शिरलेला कुत्रा चेंडू पाहताच भान विसरतो, हाक ऐकत नाही, अंगावर उड्या घेतो, हातातली वस्तू हिसकावतो. अशा कुत्र्याला शिकवावयाचे म्हणजे त्याचा उत्साह मोडावयाचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. उत्साह मोडावयाचा नाही. ज्या खेळासाठी तो उतू जातो, त्या खेळाचे दार अवधानाच्या किल्लीनेच उघडेल अशी व्यवस्था करावयाची. एवढा एकच मुद्दा आम्हांला मांडावयाचा आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण.

हा विषय व्याख्यानपीठास शोभणारा नाही, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. पण ज्या सोबत्याखेरीज स्वर्गात पाऊल टाकण्याचे धर्मराजाने नाकारले तो कुत्राच होता, आणि दत्तमहाराजांच्या पायाशी जे चौघे उभे असतात तेही कुत्रेच. शिवाय प्रश्न आदराचा नाही, व्यवहाराचा आहे. वाड्यांची अंगणे गेली, सदनिका आल्या. कुत्रा मात्र पूर्वीइतकाच धावणारा राहिला. त्याने कोणाच्या अंगावर उडी घेतली की तक्रार येते. तक्रारीमागून साखळी येते. साखळीने तो अधिकच बेफाम होतो. आणि अखेर त्याला कोठे तरी सोडून येण्याची भाषा सुरू होते. उतावळेपणा हा तसा लहानसा दुर्गुण, पण त्यापायी कुत्र्याचे घर जाते.

आमच्यावरही ती वेळ आली होती. मोती हे पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेले देशी पिलू. वर्षभरात अंगाने भरले आणि घरात मावेनासे झाले. त्याचा जोम जिरावा म्हणून आम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर तासभर चेंडू फेकीत असू. जितका पळेल तितका दमेल आणि जितका दमेल तितका शहाणा होईल, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात तासभर पळणारा कुत्रा दीड तास पळू लागला. दमसास वाढला, शहाणपण होते तेथेच राहिले. पुढे पुढे चेंडू नुसता दृष्टीस पडला तरी तो थरथर कापे, भुंके आणि आमच्या हातावर झडप घाली. आम्ही त्याला खेळकर म्हणत होतो. एके दिवशी शेजारची सात वर्षांची मुलगी गच्चीवर आली, पायाशी घरंगळत आलेला चेंडू तिने उचलला, आणि मोतीने झेप घेतली. त्याला हवा होता तो चेंडूच. पण चेंडू कोठे संपतो आणि बोटे कोठे सुरू होतात, याचे भान त्याला त्या क्षणी उरले नव्हते. दोन बोटांवर दात लागून रक्त आले.

जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलीला तत्काळ डॉक्टरांकडे नेले. दात खेळता खेळता लागलेला असो, की कुत्र्याला लस टोचलेली असो, या दोन गोष्टींत हयगय करावयाची नसते, हे येथेच सांगून ठेवतो. मुलगी बरी झाली. तिची आई आम्हांला एवढेच म्हणाली, "काका, मोती वाईट नाही हे मला कळतं. पण आमची पोरगी आता गच्चीवर यायला घाबरते." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मोतीच्या गळ्यात साखळी पडली. त्या साखळीच्या दिवसांत आम्ही जे वाचले, जाणत्यांना जे विचारले आणि मोतीबरोबर जे करून पाहिले, त्याचे सार आता सांगतो.

उतावळेपणा म्हणजे काय?

कुत्रा खेळतो म्हणजे काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. कुत्रा हा शिकारी प्राण्याचा वंशज आहे. शिकारीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: चाहूल घेणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, झटकून मारणे, फाडणे आणि खाणे. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे, की माणसाने कुत्र्यांच्या जाती निपजविताना या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या आणि काही ढिल्या केल्या. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली नजर रोखतो आणि दबा धरतो, पण चावा घेत नाही. लॅब्रडॉर वस्तू अलगद तोंडात धरून आणतो. टेरियर तीच वस्तू मान हलवून झटकतो. आपल्या मराठवाड्याकडचा कारवान कुत्रा दूरवर काही हलले की वाऱ्यासारखा सुटतो. चेंडू, दोरी, चिंधी ही खेळणी म्हणजे या उपजत प्रेरणांना दिलेली निरुपद्रवी सावजे होत. म्हणून खेळण्यामागे धावणारा कुत्रा खोडसाळपणा करीत नसतो. तो आपल्या रक्तातले काम करीत असतो. त्या कामाला मालकाशी जोडून घेणे, हेच काय ते शिक्षण.

आता दुसरी गोष्ट. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न पुढे येण्यापूर्वीच, अन्नाची नुसती खूण मिळताच, पाणी सुटू लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. आपल्या घरीही हा प्रयोग रोज चालतो. पट्टा खुंटीवरून काढला, चपला पायात घातल्या, कपाटाचे दार करकरले, की कुत्रा नाचू लागतो. कारण यांतील प्रत्येक गोष्ट पुढच्या खेळाची खूण झालेली असते. गच्चीवर पोचेपर्यंत तो अर्धा उकळलेला असतो, आणि आपण मात्र त्याने तेथे एकदम शांतपणे बसावे अशी अपेक्षा करतो. उतावळेपणा चेंडू फेकल्यावर सुरू होत नाही. तो खुंटीपाशी सुरू होतो. आणि उपायही तेथूनच सुरू करावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उत्तेजना मुळात वाईट नाही. ती मुळीच नसली तर कुत्रा शिकणारच नाही, झोपेल. पण तिला एक मर्यादा आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोघा शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की काम सोपे असेल तर चेतना तीव्र असूनही शिकणे वेगाने होते. काम अवघड असेल तर मात्र चेतना मध्यम असलेलीच बरी, ती वाढली की शिकणे मंदावते. परीक्षेच्या दालनात पाठ केलेले विसरलेला विद्यार्थी हा नियम आपल्याला वेगळ्या शब्दांत सांगेल. ब्रे, मॅक्लीन आणि हेअर या संशोधकांनी २०१५ साली प्रत्यक्ष कुत्र्यांवरच असा प्रयोग प्रसिद्ध केला. पारदर्शक आडोशामागे खाऊ धरावयाचा. तो मिळविण्यासाठी कुत्र्याने सरळ झेप न घेता, क्षणभर त्याच्यापासून दूर होऊन, वळसा घालून जावयाचे. एकदा त्याला शांत स्वरात बोलवावयाचे आणि एकदा हातवारे करून, उत्साहाने. अपंगांच्या मदतीसाठी निवडलेले शांत स्वभावाचे कुत्रे उत्साहाने बोलावल्यावर अधिक चांगले वागले. घरगुती, मुळातच चळवळे कुत्रे मात्र त्याच उत्साहाने बिघडले. आडोशावरच जाऊन आदळू लागले.

या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपला कुत्रा उतावळा झाला की आपण काय करतो? आवाज चढवितो. "मोती! मोती! बस! ऐकतोस की नाही!" ज्याचे भांडे उतू चालले आहे, त्याच्या चुलीत आपण आणखी एक लाकूड सारतो. तो ऐकत नाही याचा अर्थ तो उद्धट आहे असा नव्हे. ऐकण्याइतकी जागा त्या क्षणी त्याच्या डोक्यात शिल्लक नसते. म्हणून पहिला नियम असा, की कुत्रा जितका चढेल तितके आपण उतरावे: आवाज हळू, हालचाल संथ, शब्द थोडे.

भांडे उतू जाण्यापूर्वी ओळखता मात्र आले पाहिजे. डोळे विस्फारतात, बुबुळे मोठी होतात. दोरी धरण्याची पकड हातावर सरकत वर येते. भुंकणे एकसुरी आणि तीव्र होते. आवडीचा खाऊ पुढे केला तरी तो हुंगतही नाही, किंवा घेताना बोटांना दात लावतो. खाऊ घेण्याची ही परीक्षा आम्हांला फार उपयोगी पडली. एरवी हळुवार खाऊ घेणारा मोती ज्या दिवशी बोटे चावी, त्या दिवशी शिकवणी बंद.

खेळाचे दार

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. चेंडूऐवजी प्रथम दोरी घ्यावी. चेंडू फेकला की कुत्रा आपल्यापासून दूर जातो. दोरीची ओढाओढ दोघांनी मिळून करावी लागते, म्हणून ती त्याला आपल्याकडे आणते. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या पट्ट्या घेऊन हातभर लांबीची घट्ट वेणी घातली की उत्तम खेळणे होते. लांबी एवढी असावी की त्याचे दात आणि आपली बोटे यांत वीतभर अंतर राहील. काठी खेळण्यास देऊ नये. तिच्या ढलप्या तोंडात आणि घशात रुततात. चेंडू द्यावयाचाच तर घशात अडकणार नाही एवढा मोठा असावा. दोरी जमिनीलगत, आडवी ओढावी. कुत्र्याला तिच्यावर उचलून धरू नये, आणि दात पडण्याच्या वयातील पिलाशी तर फारच हलक्या हाताने खेळावे.

दोरीच्या ओढाओढीने कुत्रा माजतो, आणि त्यात त्याला जिंकू दिले तर तो मालकाच्या डोक्यावर बसतो, असा एक जुना समज आहे. रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी इंग्लंडमध्ये चौदा गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कुत्रा जिंको वा हरो, त्यामुळे तो वरचढ झाल्याचे दिसले नाही. उलट खेळानंतर त्यांचे मालकाकडे लक्ष अधिक राहिले. तेव्हा ओढाओढीला भिण्याचे कारण नाही. खेळ कोणत्या क्षणी सुरू करावयाचा, एवढेच पाहावयाचे.

तो क्षण असा ठरवावा. दोरी छातीशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. कुत्रा उड्या घेईल, भुंकेल, दोरीकडे पाहील, भोवती फिरेल. काही बोलू नये. थोड्या वेळाने, हा मनुष्य असा खांबासारखा का उभा आहे, म्हणून तो आपल्या तोंडाकडे पाहील. अगदी निमिषभर पाहील. त्याच निमिषी "हां!" म्हणावे, आणि दोरी खाली आणून खेळ सुरू करावा. दुसऱ्या वेळी तो लवकर पाहील. दहाव्या वेळी चारही पाय जमिनीवर ठेवून पाहील. आणि काही दिवसांनी दोरी दिसताच प्रथम तोंडाकडे पाहण्याची त्याला सवय लागेल. आपण त्याला 'बस' म्हटलेले नाही, दटावलेले नाही, हात लावलेला नाही. खेळ कसा सुरू होतो, याचा शोध त्याचा त्यानेच लावला. आणि स्वतः लावलेला शोध कोणी विसरत नाही.

"हां!" या शब्दाचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्राण्यांना शिकविण्याविषयी लिहिलेल्या लेखात हेच सांगितले, की बक्षीस हातातून तोंडापर्यंत पोचेतो उशीर होतो, आणि तेवढ्यात प्राणी दुसरेच काही करू लागतो. म्हणून अचूक क्षण पकडणारी एखादी ठरलेली खूण हवी. मोतीने वर पाहिले आणि आम्ही दोरी सोडवीपर्यंत त्याने उडी घेतली, तर त्याच्या लेखी बक्षीस उडीला मिळाले. आमच्या पहिल्या आठवड्यातील निम्मे अपयश या उशिरातच होते.

खेळ सुरू झाला, आता तो थांबवावयाचा कसा? येथे बहुतेकांचे गाडे अडते. कुत्र्याचा जबडा उघडू नये, दोरी हिसकू नये. जितके ओढू तितके तो धरील, कारण ओढणे हाच तर खेळ आहे. त्याऐवजी दोरी आपल्या गुडघ्याशी दाबून निश्चल धरावी. सावज मेले की शिकाऱ्याचा रस संपतो. कुत्रा क्षणभर ओढील, मग पकड ढिली करील. सुटताच "हां!" आणि, हे विसरू नये, ताबडतोब "घे!" म्हणून खेळ पुन्हा सुरू. सुटणे ठरलेले झाले, म्हणजे त्याच्या किंचित आधी "सोड" हा शब्द उच्चारू लागावे. म्हणजे क्रम असा: आधी कृती पक्की, मग तिला नाव. आपण नेहमी उलट करतो. न कळणारा शब्द वीस वेळा ओरडतो आणि कृतीची वाट पाहतो.

सोडल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, यातच सारी खुबी आहे. डेव्हिड प्रेमॅक याने १९५९ साली मांडलेला एक सिद्धांत असा, की जी गोष्ट प्राणी आपण होऊन आवडीने करतो, ती कमी आवडीच्या गोष्टीचे बक्षीस म्हणून वापरता येते. आपल्या आज्यांना हा सिद्धांत ठाऊक होता. आधी शुभंकरोती, मग गोष्ट, हा नियम त्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेखेरीज चालविला. कुत्र्याला कळले पाहिजे, की सोडल्याने दोरी जात नाही, दोरी जिवंत होते. एकदा हे कळले की त्याच्या दृष्टीने आज्ञापालन आणि खेळ यांत विरोधच राहत नाही.

मागे धावणे मात्र कटाक्षाने टाळावे. संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपणही चप्पल पळविणाऱ्या कुत्र्यामागे धावतो. फरक इतकाच, की आपल्या हातात वाटी नसून केरसुणी असते. कुत्रा मात्र केरसुणीचा राग जाणत नाही. वस्तू पळविली की घरातली मंडळी धावतात, पाठलागाचा सुंदर खेळ होतो, एवढेच तो शिकतो. त्यापेक्षा सारख्याच दोन दोऱ्या जवळ ठेवाव्या. तो एक घेऊन पळाला की आपण उलट दिशेला जाऊन दुसरीशी खेळू लागावे. दोरी टाकून तो धावत येतो. मोती पहिल्याच दिवशी आला.

खेळ निववण्याची कला

खेळाचे डाव लहान असावेत. दहा-पंधरा सेकंद ओढाओढ, मग "सोड", मग तितकीच शांतता, पुन्हा तोंडाकडे पाहणे, पुन्हा डाव. असे पाच-सहा डाव झाले की पुरे. चढणे आणि उतरणे, चढणे आणि उतरणे: कुत्र्याला चढणे उपजत येते, उतरण्याचीच तालीम हवी. आमच्या तासभर चेंडूफेकीत उतरणे मुळी नव्हतेच. मोतीला आम्ही वर्षभर फक्त चढावयास शिकविले.

शेवट अचानक करू नये. दोरी एकदम खिशात घातली तर उरलेला आवेश पायजम्यावर निघतो. "संपले" हा शब्द एकदा म्हणावा, आणि भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे चिमूटभर तुकडे गवतावर वा जुन्या पोत्यावर विखरून द्यावे. नाक खाली गेले की कुत्रा निवतो. हुंगण्यात तो गढून जातो, धावत नाही. पाच मिनिटांनी पाणी पिऊन तो आडवा होतो. खेळाचे यश किती वेळ धावला यावर मोजू नये. संपल्यावर किती लवकर निवला यावर मोजावे.

उन्हाळ्याच्या दिवसांत आणखी एक सावधगिरी हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालवितो. उतावळा कुत्रा खेळाच्या भरात आपण होऊन थांबत नाही, आणि त्याची धाप आपल्याला उत्साहाची वाटते. चैत्र-वैशाखात खेळ सकाळी उन्हे चढण्यापूर्वीच उरकावा. तापलेल्या डांबरावर पाठ हाताने टेकवून पाहावे. आपल्याला जे पाच सेकंद सोसत नाही ते त्याच्या पंजांना सोसेल असे मानू नये. धाप थांबेना, तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्यांकडे न्यावे.

घरात जमले म्हणजे रस्त्यावर जमेल, असेही समजू नये. प्रथम खोली, मग जिना, मग रिकामी गच्ची, मग मैदानाचा एकांताचा कोपरा, आणि शेवटी जेथे इतर कुत्री आणि मुले आहेत असे ठिकाण. प्रत्येक नव्या जागी कुत्रा जणू पहिल्या इयत्तेत परत जातो. आपणही मुकाट्याने पहिल्या इयत्तेत परत जावे. मैदानावर छातीवरून घ्यावयाचा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात तो, आणि त्याला लांब दोरी असावी, म्हणजे चूक झाली तरी अनर्थ होणार नाही.

घरातील मंडळी

कुत्र्याला शिकविणे सोपे. घरातील मंडळींना शिकविणे अवघड. आमच्या घरी असे आढळले, की मातोश्री "खाली बस" म्हणत, मुलगा "सिट" म्हणे आणि आम्ही "बस" म्हणत असू. त्यातही आपल्या भाषेची एक गंमत आहे. 'बस' म्हणजे बूड टेक, आणि 'बस' म्हणजे पुरे. मोती भुंकू लागला की आम्ही "बस, बस, बस!" असे ओरडत असू आणि तो उभाच राहिला म्हणून रागावत असू. पुढे एका कागदावर शब्द लिहून तो स्वयंपाकघराच्या दारावर लावला. बसण्यासाठी 'बस', सोडण्यासाठी 'सोड', घेण्यासाठी 'घे', शेवटासाठी 'संपले'. दुसरा शब्द कोणी वापरावयाचा नाही.

'ये' या शब्दाचेही आम्ही असेच वाटोळे केले होते. मोतीला आम्ही 'ये' म्हणत असू ते केव्हा? खेळ संपवून साखळी लावावयाची असे तेव्हा. साहजिकच 'ये' म्हणताच तो दूर पळे. शहाण्या माणसाने दुसरे काय केले असते? आता खेळाच्या मध्येच दहा वेळा बोलावतो, नऊ वेळा दोरी देऊन परत खेळू देतो, आणि दहाव्या वेळी घरी नेतो.

दात कातडीला लागला, चुकून जरी लागला, तरी खेळ थांबावयाचा, हा नियम सर्वांनी पाळावा. ओरडू नये, मारू नये. दोरी निश्चल करावी, पाठ फिरवावी, अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावे. लहान मुलांना ओढाओढीचा खेळ एकट्याने खेळू देऊ नये. मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच.

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक अस्वस्थ कुत्रा खेळकर असतो असे नाही. कोणाला दुखत असते, कोणाला खाज असते, कोणी भीतीने बावरलेला असतो, कोणाला पुरेशी झोपच मिळत नाही. तरुण कुत्र्याला दिवसाचेही बरेच तास झोप लागते, आणि सतत वर्दळ असलेल्या घरात ती मिळत नाही. खेळण्यावर पंजा ठेवून, अंग ताठ करून जो गुरगुरतो, त्याचे प्रकरण वेगळे आहे. तेथे पुस्तकी प्रयोग न करता पशुवैद्य आणि जाणता शिक्षक यांचा सल्ला घ्यावा. आणि दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याकडून संध्याकाळच्या दहा मिनिटांत संयमाची अपेक्षा करणे, हा तर अन्यायच होय.

मोतीची साखळी निघावयास अडीच महिने लागले. या काळात तो शांत झाला काय? नाही, तो आजही दोरी पाहिली की सारे अंग हलवितो. पण हलता हलता तो बसतो आणि तोंडाकडे पाहतो. शेजारची मुलगी प्रथम जिन्याच्या दारातून पाहत असे, मग आईचा हात धरून आत येऊ लागली. गेल्या महिन्यात तिने आम्हांला विचारले, "आजोबा, मी धरू दोरी?" आम्ही तिच्या मागे उभे राहिलो, दोरीचे दुसरे टोक आमच्याच हातात ठेवले. तिने आम्ही दाखविल्याप्रमाणे दोरी छातीशी धरली आणि स्तब्ध उभी राहिली. मोती तिच्यापासून दोन हातांवर बसला, दोरीकडे एकदा पाहिले, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिले. ती म्हणाली, "हां!" मोतीने दोरीचे मधले टोंगळे अलगद धरले. तिची बोटे वीतभर अलीकडे होती.

ज्यांच्या घरी असा उतावळा सोबती आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच करून पाहावे. चेंडू फेकण्यापूर्वी तो हातात धरून थांबावे. कुत्र्याने एकदा आपल्याकडे पाहीपर्यंत थांबावे, आणि पाहिल्यावर एक क्षणही थांबू नये. पहिल्या दिवशी आपला हात अवघडेल आणि शेजारी हसतील. पण बारा वर्षे नळी धरून बसण्यापेक्षा हे पुष्कळच हलके काम आहे.